पहिल्या पानावरचं पोट

डॉक्टर, आज सकाळी मी दुर्बीण धुतली. तुम्ही गेल्यापासून ती कुणी वापरलेली नाही, कपाटात लटकवून ठेवली होती तशीच आहे, तरी धुतली. शंकर दारात उभा राहून बघत होता. म्हणाला, "सिस्टर, कुनाचं पोट बगितलं ओ?" मी म्हटलं, "कुणाचं नाही. गप पाणी आण." आणलं बिचाऱ्यानं. सोळा दिवस झाले, आपला हा शिपाई तुमच्या खोलीत येताना चपला बाहेर काढतोय. तुम्ही होतात तेव्हा ओरडून ओरडून थकलात, कधी काढल्या होत्या का त्यानं?

शोकसभेत पुष्कळ लोक बोलले. तुम्ही कुठं शिकलात, कुठल्या परीक्षेत पहिले आलात, सगळं सांगून झालं. मी मागं भिंतीला टेकून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हे नक्की कुणाबद्दल चाललंय? रंगीत पेन्सिलीला टोक करताना दर वेळी ब्लेडनं बोट कापून घेणारा माणूस त्यात कुठंच नव्हता. पेशंटला दुर्बिणीची नळी गिळता यावी म्हणून 'गिळा' हा शब्द चार भाषांत शिकलेला आणि कन्नड-तेलुगूतलं पुढचं एक अक्षर न येणारा माणूसही नव्हता. गिळा, नुंगरी, मिंगंडी, निगलो. कन्नड मी शिकवलं, तेलुगू विड्या वळणाऱ्या बायकांनी. तुम्ही गडबडीत एखाद्या तेलुगू बाईला 'नुंगरी' म्हणायचात आणि ती तोंडात नळी असताना हसायची, मग दोघांचीही पंचाईत.

मलाही दोन शब्द बोला म्हणाले. मी नको म्हटलं. मला सभेला काही सांगायचं नव्हतं. मला तुम्हाला सांगायचं होतं, एकच गोष्ट, आणि ती पाच वर्षं घशात अडकून राहिली होती. रोज ठरवायचे, आज सांगू. रोज तुम्ही चहा मागायचात आणि मी चहा द्यायचे.

पहिल्यापासून सांगते. तुम्हाला ठाऊक असलेलंही सांगते, मधे बोलू नका.

बहात्तरचा दुष्काळ सरून वर्ष झालं होतं. दुर्बिणीची ती जपानी पेटी स्टेशनवरून टांग्यातनं आली, शंकरच्या मांडीवर बसून, नव्या नवरीसारखी. तोवर आपल्याकडं पोटदुखीच्या माणसाला खडूच्या पाण्यासारखं पांढरं औषध पाजून क्ष-किरणांचा फोटो काढायचे. फोटोत स्पष्ट दिसलं तर ठीक, नाहीतर सोडा खात दिवस काढा, नाहीतर सर्जनसाहेबांच्या टेबलावर झोपा. सर्जनसाहेब पेटीकडं बघून म्हणाले, "पोटच बघायचंय ना? मी दहा मिनिटांत उघडून दाखवतो की." तुम्ही म्हणालात, "तुम्ही एकदम घरात शिरता. मी आधी दार वाजवून बघणार."

मग ती जाड वही आली. एका पानावर एक पेशंट, नाव नाही, फक्त नंबर. तीन रकाने: फोटो काय म्हणतो, दुर्बीण काय दाखवते, आणि शेवटी खरं काय निघालं. दुर्बिणीला कॅमेरा नव्हता, म्हणून दिसेल ते रंगीत पेन्सिलीनं काढायचं. आणि एक नियम तुम्ही पहिल्याच दिवशी सगळ्यांना बजावला होतात. वहीत काही खोडायचं नाही, फाडायचं नाही. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, बाजूला बरोबर काय ते लिहायचं आणि सही करायची. "आपली चूक पण वाचता आली पाहिजे," म्हणायचात.

पण दुखरं पोट ओळखायचं तर आधी निरोगी पोट कसं दिसतं ते बघायला हवं, असं तुम्हाला वाटलं. तुम्ही विचारलंत, कोण येतंय पुढं? एका शिकाऊ डॉक्टरांना लगेच खोकला झाला. दुसऱ्यांना तातडीनं अक्कलकोटला जायचं होतं. सर्जनसाहेब तर कुठल्या कुठं पसार. मला असा संताप आला त्या पुरुषांचा! म्हटलं, "व्हा बाजूला, मी गिळते." तुम्ही विचारलंत, "उपाशी आहात का?" श्रावणी सोमवार होता. "कडक उपास आहे, पाणीसुद्धा नाही घेतलं," मी म्हणाले. ते खरंच होतं.

डाव्या कुशीवर झोपवलंत, घशात ते कडू औषध उडवलंत आणि मला म्हणे "नुंगरी, सिस्टर." मी शिकवलेलं मलाच! हसू आलं, ओकारी आली, डोळ्यांतनं पाणी आलं आणि नळी गेली आत. तुम्ही डोळा लावून नळी फिरवत राहिलात. मग हळूच म्हणालात, "वा." डॉक्टर, लग्नाला अठरा वर्षं झाली होती माझ्या. माझ्या कुठल्या गोष्टीला कुणी 'वा' म्हटलेलं मला आठवत नाही. तुम्ही म्हणालात ते माझं जठर बघून!

चित्र मात्र छान काढलंत. गुलाबी, कडेला जरासं केशरी, घड्याघड्यांचं. आणि त्यावर इथं तिथं काळे ठिपके, तिळासारखे. तुमचा चेहरा उतरला. त्या नळीत केसासारखे हजारो काचेचे तंतू असतात, एखादा तुटला की बघणाऱ्याला काळा ठिपका दिसतो, हे तुम्हीच आम्हाला शिकवलं होतंत. नवी कोरी दुर्बीण आणि तंतू तुटलेले! शंकरला बोलावून तुम्ही असं झाडलंत, "टांग्यात आपटलीस ना?" तो सिद्धेश्वराची शपथ घेऊन सांगत होता, "न्हाई ओ साहेब, लेकरावानी आनली." तुम्ही पहिल्या पानावर लिहिलंत: निरोगी. काळे ठिपके, बहुधा तुटलेले तंतू.

दुसऱ्या दिवशी गिरणीतल्या एका कामगाराला दुर्बीण घातली, तर एकही ठिपका नाही. "रात्रीत जुळले की काय?" म्हणालात. शंकरला स्वतःच्या पैशानं चहा पाजलात आणि विसरलात.

मी विसरले नाही. आता ऐका. तुम्ही बघायचात आणि मी धुवायचे. माझ्या पोटातनं निघालेली नळीसुद्धा मीच धुतली. ब्रश काळा निघाला. नाकाशी नेला, आणि कळलं. तो वास ओळखायला डॉक्टर असावं लागत नाही. तव्यावर तंबाखू भाजून काळी केलेली, वाटलेली, बोटानं दातांवर घासायची मशेरी. माझी दाढ दुखत होती तेव्हा सासूबाईंनी दिली. दाढ गेली, मशेरी राहिली. शुक्रवार पेठेतल्या आमच्या घरी चुलीमागच्या कोनाड्यात डबी असायची, रोज सकाळी पहिलं काम तेच. श्रावणी सोमवारीसुद्धा. मशेरीनं उपास कुठं मोडतो? ती काय खातात थोडीच, थुंकतात. पण थुंकून जाते तेवढीच जात नाही, थोडी गिळली जातेच.

आणि मी पांढऱ्या कपड्यांतली सिस्टर. वॉर्डात उभी राहून बायकांना रोज सांगायचे, तंबाखू सोडा गं, दात बघा कसे झालेत. कुठल्या तोंडानं तुम्हाला सांगणार होते, की शंकरनं काही आपटलं नाही, तो घरचा माल आहे? नाही सांगितलं.

पुढं बायकांना दुर्बीण घातली की ठिपके दिसायला लागले, कुणाला तर पोटभर काळं. तुम्ही म्हणालात, तंतू नाहीत, हे जुनं रक्त आहे, काळं पडलेलं. विड्या वळणाऱ्या, मागावरच्या, खेड्यातल्या, सगळ्या पांढऱ्याफटक बायका. रक्त कमी, आणि पोटात काळं. तुम्हाला दुसरं काय वाटणार? तुम्ही वहीत 'रक्तस्राव' लिहीत गेलात आणि मी तिकडं नळी धुताना तोच वास घेत गेले. मनाची समजूत काढायचे, रक्तही असेल, मशेरीही असेल, डॉक्टर ते आहेत, मी नाही. वर्षभर अशी समजूत काढली. बायकांना नुसत्या दुधावर महिना महिना झोपवून ठेवलं आपण. घरी लेकरं टाकून आलेल्या बायका त्या.

त्याच वर्षात आपण किती हसलो, तेही आठवतंय. सांगोल्याचा तो धनगर म्हातारा, मटणाचं हाड अन्ननलिकेत अडकून तीन दिवस थुंकीसुद्धा न गिळलेला. सर्जनसाहेब छाती उघडायच्या तयारीत. तुम्ही त्याआधीच आठवडाभर रबरी नळीत शेंगेची टरफलं घालून तारेच्या फासानं ती ओढून काढायचा सराव करत होतात, नळी धरून माझे हात दुखायचे. त्या दिवशी तो फास कामाला आला. हाड बाहेर आल्यावर म्हातारा आधी पाणी प्यायला आणि मग रडला. आठ दिवसांनी आला तो करडू घेऊनच. तुम्ही भेदरलात, "अहो, मला हे चालत नाही!" म्हातारा म्हणाला, "खाऊ नका की, पाळा. लई उपकार झालं बगा." करडानं क्ष-किरण विभागाच्या चिठ्ठ्या खाल्ल्या, तेव्हा ते शंकरकडं गेलं. तुम्ही त्या दिवशी शाळेतल्या पोरासारखे खूश होतात. चिरल्याशिवाय काढलं, चिरल्याशिवाय काढलं, असं येईल त्याला सांगत सुटलात.

आणि मग होटगीची नागव्वा आली. नवरा रेल्वेत गँगमन. चार पावलं चालली की धाप लागायची. फोटोत काहीतरी संशय. दुर्बिणीत काळं. तुम्ही सर्जनसाहेबांशी कधी नव्हे ते सहमत झालात आणि गुरुवारी ऑपरेशन ठरलं.

बुधवारी सकाळी ती वॉर्डाच्या नळावर उकिडवी बसलेली, तर्जनी दातांवर. मी शेजारी जाऊन बसले.

"नागव्वा, दुर्बीण घातली त्या दिवशी पण लावली होतीस?"

"म्या उपाशीच हुते की सिस्टर. पानीबी घेतलं न्हाय."

"मशेरी?"

"ती काय खान्यातली हाय व्हय?"

माझंच उत्तर होतं ते. मी तिथनं उठले आणि तुमच्या खोलीत आले, पायात चपला राहिल्यात याचंही भान नव्हतं. म्हटलं, "डॉक्टर, नागव्वा मशेरी लावते. ते काळं रक्त नाही." तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. "बाकीच्या?" "त्याही लावतात." तुम्ही मग माझ्याकडं बघितलंत. "तुम्हाला कधी कळलं, सिस्टर?"

"आत्ताच," मी म्हटलं. "नळावर बघितलं."

हेच ते, डॉक्टर. एवढंच. एक शब्द खोटा बोलले, आणि पाच वर्षं तो गिळता आला नाही की थुंकता आला नाही.

गुरुवारी पहाटेपासून मी नागव्वाच्या खाटेला चिकटून बसले, बोट तोंडाजवळ जाऊ दिलं नाही. दुर्बीण घातलीत. स्वच्छ, गुलाबी. ऑपरेशन रद्द. मग शौच तपासलं तर जंत निघाले, रक्त पिणारे. जंतांच्या गोळ्या आणि लोहाच्या गोळ्या, बस्स. दोन महिन्यांनी ती ज्वारीची कणसं डोक्यावर घेऊन जिने चढून आली. तुम्ही कणसांकडं नाही, तिच्या चालण्याकडं बघत होतात.

पण त्या गुरुवारी दुपारी तुम्ही वही उघडलीत. काळं लिहिलेलं प्रत्येक पान. एक रेघ, 'रद्द', सही. मी पानं उलटत होते आणि तुम्ही रेघा मारत होतात. वर्षाचं काम गेलं. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. तुम्ही एवढंच म्हणत होतात, "कुणाला चिरलं नाही, सिस्टर. नशीब, कुणाला चिरलं नाही." मला ते ऐकवेना. चादरी मोजायचं निमित्त काढून मी कपड्यांच्या खोलीत गेले आणि पदर तोंडात कोंबून रडले. परत आले तर वही मिटलेली होती. म्हणालात, "चला, बायकांचं पहिल्यापासून."

त्यानंतर पेशंटच्या चिठ्ठीवर छापून आलं: रात्रीपासून खाणं नाही, पिणं नाही, तंबाखू-मशेरी नाही. तुम्ही जिथं जाल तिथं ती गोष्ट सांगायला लागलात. "माझ्याकडं दुर्बीण होती, पण दिसलं आमच्या सिस्टरना." लोक विचारायचे, त्यांना कसं कळलं? तुम्ही म्हणायचात, "ते मी विचारलं नाही." सगळे हसायचे. माझे कान गरम व्हायचे.

चिठ्ठीवर छापलं तरी लावणाऱ्या लावायच्याच. मी दरडावून विचारायचे, "मशेरी लावलीस का?" आणि त्या माना हलवायच्या. तुम्ही एकदा म्हणालात, "तुम्ही विचारलंत की बायका नाहीच म्हणतात, का हो?" तोंडावर ते बारीक हसू. मला वाटलं, माझ्या फौजदारी आवाजाची थट्टा करताय. फणकारले मी तुमच्यावर. चहा अर्धाच दिला त्या दिवशी.

आणि तो शेवटचा वाद. वैद्यकीय मासिकासाठी पेपर लिहून तयार होता, पाठवत नव्हतात, कारण आभारात माझं नाव घालायचं होतं आणि मी घालू देत नव्हते. "का पण?" "नको म्हणजे नको." "विनय का?" "विनय कसला डोंबलाचा! माझं नाव घातलंत तर मी बदली मागेन." शनिवारी दुपारी एवढं बोलून मी दार आपटलं. तुम्ही आतून म्हणालात, "बरं, सोमवारी भांडू." रविवारी संध्याकाळी शंकर माझ्या घरी आला, दारातच खाली बसला. "साहेब गेलं," म्हणाला. डॉक्टर, सोमवार ठरला होता आपला. असं कुणी करतं का?

काल लहान डॉक्टरांनी वह्या काढल्या. दोन वर्षं तुमच्या हाताखाली शिकले, हात अजून जड आहे, पण पोरगा प्रामाणिक आहे. तुमच्या घरून वहिनींनी पेपर पाठवायला सांगितलंय म्हणाले, म्हणून एकेक पान ताडून बघत होते. मी शेजारी पट्ट्या गुंडाळत बसले होते. पहिल्याच पानावर ते थांबले.

"सिस्टर, हे पान रद्द करायचं राहिलंय का? ठिपके आहेत. 'तुटलेले तंतू'वर सरांनी रेघ मारलीय, पण 'निरोगी' तसंच ठेवलंय. बाजूला लिहिलंय, 'मशेरी. विचारू नये.' खाली सही." त्यांनी वही माझ्याकडं वळवली. "कुणाला विचारू नये, सिस्टर?"

निळी शाई होती, त्या गुरुवारच्या रेघांचीच. म्हणजे मी चादरी मोजत होते तेव्हा. मी पदर तोंडात कोंबून रडत होते, आणि तुम्ही इकडं मागं मागं जात माझ्या पानापर्यंत आला होतात. सगळं कळलं होतं तुम्हाला, मशेरीही आणि 'आत्ताच'ही. आणि तरी पाच वर्षं माझ्या हातचा चहा पीत राहिलात, लोकांपुढं माझं कौतुक करत राहिलात, मी खोटी आहे हे माहीत असून.

"मला," मी म्हटलं.

मग सगळं सांगितलं त्यांना, शंकरसमोरच. शंकरला टांग्याचंही सांगितलं, सहा वर्षांपूर्वीची माफी मागितली. तो म्हणाला, "जाऊ द्या की सिस्टर, च्या मिळाला हुता." आभारात नाव घाला म्हटलं, पूर्ण नाव. आणि हेही लिहा, की हिला वर्षभर आधी माहीत होतं. लहान डॉक्टर म्हणाले, असं कुणी लिहीत नाही. मी म्हटलं, मग तुमचे सर काय शिकवून गेले तुम्हाला?

तुमचा राग आलाय मला, खरं सांगते. एकदा विचारायचं होतंत. पण विचारलं असतंत तर मी परत खोटंच बोलले असते, आणि मग तुमच्यासमोर उभी राहू शकले नसते. ते तुम्हाला माझ्याआधी कळलं.

आज दुर्बीण धुतली ती कशासाठी, सांगते. लहान डॉक्टर पहिल्यांदा एकट्यानं बघणार होते. बाहेर बाकावर एक विडीवाली बाई बसली होती, चिठ्ठी मुठीत, भेदरलेली. मी तिच्यासमोर उभी न राहता शेजारी बसले.

"मशेरी लावलीस का गं?"

"न्हाई ओ सिस्टर."

"मी लावते," मी म्हटलं. "वीसेक वर्षं झाली. आज सकाळी पण लावून आले."

तिनं माझ्या टोपीकडं बघितलं, कपड्यांकडं बघितलं, मग तोंडाला पदर लावून हसली. "उलीशी लावली बगा," म्हणाली.

लहान डॉक्टरांना सांगितलं, आज नको, उद्या. दुर्बीण परत कपाटात लटकवली.